बॅच नंबरची रिकामी रेघ

रोटोटुना, हॅमिल्टन
३ फेब्रुवारी २०२५

चि. अनुया,
आशीर्वाद.

तुम्ही तिघं डुनेडिनला सुखरूप पोचल्याचं तुझ्या मामीनं, सुरेखानं, सांगितलं. तू तिच्याशी अर्धा तास फोनवर बोललीस, पण शेजारी बसून मला फक्त तिचं "हो का" आणि "अगंबाई" एवढंच ऐकू आलं. माझ्या कानांनी आता निम्मा राजीनामा दिलाय, त्यामुळे फोनचं खातं तिच्याकडे आणि पत्रांचं माझ्याकडे. तुला पत्रं पाठवणारे जगात दोघंच उरलेत, मी आणि तुमची कौन्सिल. दोघांनाही उत्तर देत जा.

इराच्या रबरी चपलांतला एक जांडल इथे राहिलाय. दुसरा सापडला तर कळव, नाहीतर हा कुंडीखाली ठेवतो.

आता कामाचं. तुला दिलेली पन्नास काडतुसं ५ एप्रिलच्या नेमबाजीच्या मॅचसाठी आहेत. आधी खेळात घालवू नकोस. मला हे सगळं शिकवणारा ग्रॅहम गेल्यापासून मी घरी भरलेली ही पहिलीच. भरताना तीन वेळा उठलो, कारण मापं मी घ्यायची आणि मागे उभं राहून चुका त्यानं काढायच्या अशी आमची चौदा वर्षांची वाटणी होती. त्याच्या बायकोनं, जॅननं, त्याच्या कपाटातलं बरंच मला दिलं. त्याचा वजनकाटा, साचे, आणि अर्धी बाटली बंदुकीची पावडर, आपण वापरतो त्याच नावाची. जॅन बरी आहे. बाई रडत नाही, हिरवळ कापते.

मॅच झाली की नेम कसा जमला ते सविस्तर लिही.

तुझा
गुरुमामा

*

डुनेडिन
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय गुरुमामा,
सा. न.

जांडल इथेही नाही. इराला विचारलं तर म्हणाली, "मम्मा, इट्स गॉन, मूव्ह ऑन." सात वर्षांच्या मुलीकडून मला वैराग्य शिकावं लागतंय.

काल खोकं कपाटात कुलपात ठेवताना नीट पाहिलं. वर तुझं ते कोरीव अक्षर: तारीख, गोळीचं वजन, पावडरचं नाव, पावडरचं वजन. आणि "बॅच नंबर" असं लिहून पुढे रिकामी रेघ. मामा, हे तू? मला रायफल हातात द्यायच्या आधी दोन महिने नुसतं पाठ करायला लावलंस. नाव एक असलं तरी प्रत्येक बॅच वेगळी जळते, नवी बाटली उघडली की वजन कमी करून पुन्हा पहिल्यापासून चढत यायचं, आणि आभाळ कोसळलं तरी दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत. मी तेव्हा म्हटलं होतं की हे आमच्या फार्मसीसारखंच झालं. हॉस्पिटलात ज्या डब्यावर बॅच नंबर नाही तो मी शेल्फवर चढू देत नाही. तर नंबर कळव, मी लिहून घेते.

अजून एक, रागावू नकोस. जानेवारीत तू ग्रॅहमनं तुला दिलेल्या पहिल्या धड्याची गोष्ट आम्हाला तीनदा सांगितलीस. तिन्ही वेळा पहिल्यांदाच सांगतोयस अशी. आणि एकदा चहात मीठ. सासष्टाव्या वर्षी एकदा जीपीकडे, तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन यायला हरकत नसते. मी हे हॉस्पिटलातली म्हणून म्हणत नाहीये, भाची म्हणून म्हणतेय.

नितीशचा नमस्कार.

तुझी
अनुया

*

रोटोटुना
२४ फेब्रुवारी २०२५

चि. अनुया,

जीपीकडे जाण्याइतकं माझं काही झालेलं नाही. गोष्ट तीनदा सांगितली कारण मला ती आवडते, आणि तुम्ही तिन्ही वेळा ऐकलीत. मीठ आणि साखरेचे डबे सुरेखानं एकसारखे आणलेत, तो दोष वाण्याचा. मी वीस वर्षं दूध पावडरच्या कारखान्यात मीटर सांभाळले. रोजच्या बॅचचे नंबर मला पोराबाळांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ असायचे. हे तुझी मामी अजून ऐकवते.

रेघ घाईत राहून गेली. बॅच ४१७ लिही, जुनीच आहे. तुझी रायफल तिला ओळखते.

इथे उकाडा आहे. टोमॅटो भरपूर आलेत. सुरेखा शेजाऱ्यांना वाटते, शेजारी तिला झुकिनी देतात, आणि दोन्ही घरांना दोन्हींचा कंटाळा आलाय.

गुरुमामा

*

डुनेडिन
७ मार्च २०२५

प्रिय गुरुमामा,

नंबर मिळाला. आभार. मी उगाच जीपीचं काढलं, मनावर घेऊ नकोस.

तू रोज फिरायला जातोस ना? सकाळचं ऊन चांगलं असतं. सोबत मराठी शब्दकोड्यांचं पुस्तक पाठवतेय. आईनं पुण्याहून पाठवलं होतं, माझ्याकडे पडून होतं. रोज एक सोडव. नाही सुटलं तरी काही बिघडत नाही, बरं का.

मॅचची तयारी ठीक. इरा या वेळी माझ्या मागे खुर्चीवर बसून स्कोअर लिहिणार आहे. तिला कानांवर लावायला गुलाबी मफ्स घेतलेत.

काळजी घे. खरंच घे.

अनुया

*

रोटोटुना
३० मार्च २०२५

चि. अनुया,

कोडी मिळाली. सोपी आहेत. तू मला "बरं का" कधीपासून म्हणायला लागलीस?

एक छोटी गोष्ट. ती पन्नास काडतुसं ५ तारखेला वापरू नकोस. विशेष काही नाही. काल मी रेंजवर गेलो होतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की वजन किंचित बदललं तर नेम अजून जवळ बसेल. तुझ्या रायफलीला शोभेल असं काहीतरी निवांत करून देईन. या खेपेस दुकानातली घे. मॅचमध्ये नंबर खाली गेला तर माझ्या नावावर टाक.

इराला मागे बसवायची गरज आहे का? थंडी असेल तिकडे.

सुरेखाची कंबर धरलीय, बाकी क्षेम.

गुरुमामा

*

रोटोटुना
४ एप्रिल २०२५, शुक्रवार

चि. अनुया,

आज दुपारी तुला मेसेज केला, "उडवू नकोस. पत्र येतंय." त्यावर तुझं "मिळालं. उडवत नाही." आलं. ते मी सुरेखाकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग पायरीवर जाऊन बसलो. आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर पुढे लिहिणार नाही, म्हणून अक्षराकडे पाहू नकोस.

रेघ विसरून राहिली नव्हती. तिथे लिहायला माझ्याकडे नंबरच नव्हता. ग्रॅहमची अर्धी बाटली मी माझ्या अर्ध्या बाटलीत ओतली आणि त्यातून तुझी पन्नास आणि माझी वीस भरली.

हो, मीच. तुला पाठ करायला लावणारा.

का केलं ते सांगतो, सबब म्हणून नाही. ती बाटली दोन महिने माझ्या टेबलावर होती. थोडी होती, वेगळी वापरायची तर आठ-दहा काडतुसांत नेम तपासण्यातच संपली असती, आणि टाकून देणं माझ्याच्यानं होईना. ग्रॅहमचं शेवटचं तुझ्या आणि माझ्या रायफलीतून जावं असं मला वाटलं. आणि आपल्या घराची सवय तुला ठाऊक आहे, तळाशी उरलेलं मेतकूट नव्या मेतकुटात जातं, टाकलं जात नाही. त्यावर माझं कारखान्यातलं शहाणपण. शेकडो फार्मचं दूध एका टाकीत आलं की सगळ्यांची मिळून एक सरासरी होते, तेव्हा दोन बॅचचीही होईल. नाव एकच तर आहे. खबरदारी म्हणून वजन थोडं कमी घेतलं आणि स्वतःला हुशार म्हणवून घेतलं.

टाकीतलं दूध सतत ढवळलं जातं. बाटलीतले दाणे आपापल्या थरानं बसतात. एवढं मला कळायला हवं होतं.

शनिवारी रेंजवर पहिली दोन नीट गेली. तिसऱ्याला खांद्याला धक्का वेगळा बसला आणि बोल्ट, रायफलीची मागची खिट्टी, उघडेना. तळहातानं ठोकून उघडावा लागला. काडतुसाच्या बुडाची टिकली इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली होती. तेवढं म्हणजे किती दाब, रायफल हातात फुटायला किती थोडं बाकी होतं, हे तुला सांगायला नको. माझं तोंड त्या बोल्टपासून वीतभर अंतरावर होतं. उरलेली सतरा तशीच परत आणली.

त्याच क्षणी तुला कळवायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी बसून पत्र लिहिलं. नेम अजून जवळ बसेल वगैरे. पोस्टमन आता आठवड्यातून मोजकेच दिवस येतो हे मला माहीत आहे. मेसेजला एक मिनिट लागतं. पण मेसेजमध्ये "उडवू नकोस" म्हटलं असतं तर तू लगेच "का?" विचारलं असतंस. पत्रात ते लपवता येतं. मी तुझ्या डोळ्यांपेक्षा माझी लाज जपली, सहा दिवस. हे मी काडतुसांच्या वहीतही लिहून ठेवलंय.

काल जॅनकडे गेलो. म्हटलं, ग्रॅहमच्या त्या बाटलीचा बॅच नंबर कुठे टिपलेला असेल का? ती म्हणाली, "ओह, दॅट वन? ती तो लॉनसाठी ठेवायचा, लव्ह." टेबलावर सांडलेलं, तळाला उरलेलं, कुठलंही, कसलंही तो त्या रिकाम्या बाटलीत टाकायचा आणि वसंतात हिरवळीवर खत म्हणून पसरायचा. लेबल काढायचं राहून गेलं होतं. म्हणजे मी दोनच बॅच एकत्र केल्या नाहीत. किती केल्या ते देव जाणे आणि ग्रॅहम जाणे.

आणि ४१७ हे सरळ खोटं होतं. तू म्हातारपणाचं काढलंस, मला राग आला, आणि रागात जो आकडा तोंडी आला तो ठोकून दिला. रिकामी रेघ निदान खरी होती. त्या रेघेपाशी लेखणी अडली होती माझी. ती मी खोट्यानं भरली.

उद्या तू आणि ती पोर रेंजवर असाल. पाकीट आजच पेटीत टाकायला निघतो.

गुरुमामा

*

डुनेडिन
११ एप्रिल २०२५

प्रिय गुरुमामा,

तुझी दोन्ही पत्रं मंगळवारी एकदमच आली, मॅचनंतर तीन दिवसांनी. नेम जवळ बसवणारंही आणि खरंही. मी खरं आधी उघडलं. पाकीट जाड होतं म्हणून.

पहिलं हे की त्या खोक्यातलं एकही काडतूस मी उडवणार नव्हते. तुझ्या मेसेजमुळे नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं.

तुझं ४१७ आलं आणि मी माझी वही काढली. मी वही ठेवते हे विसरलास? तूच लावलेली सवय. ४१७ पुढे माझ्या अक्षरात लिहिलंय, "संपली." आणि तुझं १२ ऑक्टोबरचं पत्र त्याच पानात घडी घालून आहे. "४१७ आज संपली. शेवटची वीस तुझी. रिकाम्या बाटलीचं लेबल वहीत चिकटवलं, बाटली कचऱ्यात." संपलेल्या बाटलीतून जानेवारीत पन्नास कशी भरणार?

तेव्हा मी दोन गोष्टींपैकी एक मानू शकत होते. मामा विसरला, किंवा मामा खोटं बोलतोय. दुसरी माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही. मी हॉस्पिटलातली बाई, मला लगेच निदान सापडलं. तीनदा गोष्ट, चहात मीठ, आता हे. म्हणून शब्दकोडी. म्हणून "बरं का". दोन रात्री नीट झोपले नाही मी, आणि तुला काहीच बोलले नाही, कारण तुला कळलं तर तू खचशील असं वाटलं. तू लाजेनं लपवत होतास आणि मी दयेनं. तुला विसराळू ठरवणं मला सोपं गेलं, हे मला स्वतःचं आवडलेलं नाही.

राग सांगू? मेसेजच्या दिवशी नाही आला. काल आला.

काल क्लबमधल्या ब्रूसकडे खोकं घेऊन गेले. त्याच्याकडे गोळी उपसायचं साधन आहे. आम्ही पन्नासच्या पन्नास उघडली, प्रत्येकातली पावडर पांढऱ्या बशीत वेगळी ओतली. बहुतेकांत दाणे मिसळलेले होते, थोडे लांब, थोडे बारीक. तीन बशांमध्ये मात्र जवळजवळ सगळे बारीक, एकदम भडकणारे. ब्रूस सहसा काही बोलत नाही. तो बशीकडे बघून म्हणाला, "हू मेड दीज?" मी म्हटलं, माझ्या मामानं. त्यानं त्या तीन बशा बाजूला सरकवल्या.

त्या तीन काडतुसांतलं एक कुठलं होतं ते सांगते. वरच्या रांगेतलं, डावीकडचं पहिलं. मी नेहमी तिथूनच सुरुवात करते, तुला माहितेय. आणि मॅचच्या दिवशी इरा माझ्या मागे दोन पावलांवर गुलाबी मफ्स लावून बसली होती. घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडले. मग मला तुझा राग आला, खूप. आता थोडा कमी आहे. अजून आहे.

पण मामा, तू ती रेघ रिकामी सोडली नसतीस, पहिल्याच दिवशी सफाईनं काहीतरी नंबर टाकला असतास, अगदी कुठलाही, तर मी विचारलंच नसतं. मी डोळे झाकून उडवली असती. तुला तिथे खोटं लिहिता आलं नाही म्हणून मला वही उघडावी लागली. हे मी स्वतःला सारखं सांगतेय, कारण त्यानंच राग कमी होतोय.

मॅचमध्ये दुकानातल्या काडतुसांनी एकविसात अठरावी आले. इरानं स्कोअर लिहिला आणि खाली शेरा, "नॉट हर बेस्ट."

आता एक घोळ आहे. मार्चमध्ये मी घाबरून आईला फोन केला होता. तिनं रडून घेतलं आणि तिकीट काढलं. तुझी थोरली बहीण ९ मेला तुझी स्मृती सांभाळायला हॅमिल्टनला येतेय, सोबत ब्राह्मी तेल आणि भिजवायचे बदाम. तिला खरं काय ते मी सांगणार नाही. ते तुझं काम.

अनुया

*

रोटोटुना
२२ एप्रिल २०२५

चि. अनुया,

तुझं पत्र सुरेखाला वाचून दाखवलं, डावीकडच्या पहिल्यासकट. आजवर तिला फक्त "काडतुसं बिघडली" एवढंच सांगितलं होतं. ऐकून झाल्यावर ती उठून मीठ-साखरेच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवून आली. त्यातलं काय ते मी समजलो.

तुझा राग असू दे. घाईनं कमी करू नकोस.

माझी सतराही उघडली. ती पावडर आणि बाटलीतली उरलेली, सगळी जॅनच्या हिरवळीवर पातळ पसरली. जॅन पाइप घेऊन मागे पाणी मारत होती. ग्रॅहमची जिथे जायची होती तिथेच गेली, मीच मध्ये पडलो होतो. परतताना जॅननं विचारलं, "यू ओके, गुरू?" मी नाही म्हटलं. चौदा वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच नाही म्हटलं असेन. मग तिनं चहा केला आणि मी तिला ग्रॅहमच्या पहिल्या धड्याची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊक होती. तिनं ऐकली.

तुझ्या आईला, इरावतीताईला, फोन केला. सुरेखा कानाला लावून धरत होती. स्मृती शाबूत आहे, नियत थोडी बिघडली होती, असं सांगितलं. ताई म्हणाली, मग तर यायलाच हवं. बदामही येणार आहेत.

जीपीकडेही जाऊन आलो. तू म्हणालीस म्हणून नाही, तू दोन रात्री झोपली नाहीस म्हणून. त्यानं बरेच प्रश्न विचारले, घड्याळ काढायला लावलं. डोकं ठीक आहे म्हणाला, कानांना मशीन लावा म्हणाला. तेव्हा विसरलो होतो असं म्हणायची सोय आता राहिली नाही. वहीत त्या पानावर मी तसंच लिहिलंय, "माहीत असून."

दोन महिने मी काही भरणार नाही. नंतर नवी बाटली आणीन, सीलबंद, एकच. तुमच्याकडे कडक औषधांच्या रजिस्टरवर दोन सह्या लागतात असं तू एकदा सांगितलं होतंस. तसंच करायचं ठरवलंय. सुरेखा बाटलीवरचा नंबर वाचेल, मी लिहीन, ती पुन्हा ताडून सही करेल. काल रिकाम्या बाटलीवर सराव केला. मला ऐकू यावं म्हणून ती आकडे इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या टोनीनं कुंपणावरून "ऑल गुड?" विचारलं. आता रस्त्यात भेटला की तोच नंबर म्हणून दाखवतो.

कधी काळी पुन्हा माझं खोकं तुझ्याकडे आलं, तर रेघेवर नंबर असेल आणि खाली दोन सह्या. तरीही एक उघडून बशीत ओतून बघ. मग वहीशी ताडून बघ. माझ्या अक्षरावर विसंबून उडवू नकोस. गुरुमामा सांगतोय म्हणून तर मुळीच नको.

कुंडीखाली ठेवायला घेतलेला इराचा जांडल धुऊन पाठवतोय. जोडीचा सापडला नाही तरी हा तिचा आहे.

तुझा
गुरुमामा